टाकी दिसेपर्यंत गाडी नाही

भानुमतीकाकूंना दिल्ली दाखवायची विनंती करणारा फोन आला की त्या आधी एकच प्रश्न विचारतात, "कधी?" पलीकडचा माणूस मोठ्या उत्साहाने सांगतो, "मे महिन्यात, मुलांना सुट्टी असते ना!" त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं आहे. "मुलांना भाजून काढायचं असेल तर अवश्य या."

कोल्हापूरचं तोंड आहे, त्याला चाळीस वर्षांच्या दिल्लीनेसुद्धा पॉलिश केलेलं नाही.

आपल्या लोकांना वर्षात दोनच ऋतू ठाऊक आहेत, असं काकूंचं ठाम मत आहे. एक मेची सुट्टी आणि दुसरी दिवाळीची सुट्टी. आणि दिल्लीकडे फिरकू नये असे दिवस नेमके याच दोन सुट्ट्यांत येऊन बसलेत. मे महिन्यात लू चालते, म्हणजे अंग भाजणारा वारा. दिवाळीनंतर हवेत इतका धूर असतो की लाल किल्ला आहे तिथेच आहे, हे विश्वासानेच मानावं लागतं. जुलै-ऑगस्टात अंगाला चिकटणारी उमस. कोकणातले लोक म्हणतात, आम्हाला घामाची सवय आहे. पण कोकणात संध्याकाळी समुद्रावरून वारं येतं, इथे येतं ते शेजारच्या एसीचं. काकू सगळ्यांना सांगतात, फेब्रुवारीच्या मध्यावर या, होळीपर्यंत थांबा. तेव्हा ऊन अंगाला हवंहवंसं वाटतं, रस्त्याकडेची काटेसावर लाल फुलांनी भरते. काकूंची मुलं तिला सेमल म्हणतात. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकूनही काटेसावर हा शब्द त्या घरात आता एकट्या काकूच वापरतात.

हे शहाणपण काही आईच्या पोटातून आलेलं नव्हतं. लग्न होऊन काकू दिल्लीला आल्या तेव्हा आईने ट्रंकेत लोकरीचे स्वेटर ठासून भरले होते. दिल्ली उत्तरेला, म्हणजे थंड, असा साधा हिशेब. उतरल्या त्या ऐन मे महिन्यात, भर दुपारी, नव्या दिल्लीच्या फलाटावर. तापल्या तव्यावरचं झाकण काढून कुणी तोंडासमोर धरावं तसा वारा अंगावर आला. विलासराव म्हणाले, "ही लू." काकूंना वाटलं, नवरा कुण्या बाईची ओळख करून देतोय. त्यांनी पदर सावरून नमस्कार केला. विलासराव हा किस्सा अजून सांगतात आणि काकू अजून चिडतात.

विलासराव मंत्रालयात नोकरीला होते, राहायला सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला राजघाट आणि कुतुबमिनार दाखवायचं काम काकूंवर पडायचं. आधी नातेवाईक आले, मग नातेवाइकांचे नातेवाईक, मग ज्यांचं नातं कुणालाच लावता येईना असे लोक. निवृत्तीनंतर नोएडातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर काकूंनी ठरवलं, एवीतेवी सगळा महाराष्ट्र आपल्याच हातचं खाऊन दिल्ली बघणार असेल तर हे काम रीतसर करू. पहाडगंजमध्ये स्वच्छ खोल्यांचं एक हॉटेल धरलं. राजवीर नावाचा, सोनीपतकडचा, कमी बोलणारा ड्रायव्हर त्याच्या छोट्या बससकट पकडला. तेव्हापासून त्या दिल्लीच्या काकू म्हणून महाराष्ट्रात ओळखल्या जातात.

त्यांचे नियम बरेच आहेत. त्यातला एक मात्र देवाने येऊन सांगितलं तरी बदलायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत, नोएडाच्या बाल्कनीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसेपर्यंत हायवेला गाडी काढायची नाही.

या नियमाचा उगम विलासरावांच्या डाव्या पायात आहे. पानिपतच्या लढाईचा दिवस चौदा जानेवारी. दिल्लीतले मराठी लोक त्या दिवशी पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जातात. एका संक्रांतीला विलासराव ऑफिसच्या मित्रांबरोबर गाडीने निघाले. आपली पद्धत काय? पहाटे निघावं, उन्हं चढायच्या आत पोचावं. सातारा-कोल्हापुरात ही पद्धत सोन्यासारखी आहे. पण इकडे जानेवारीत पहाट म्हणजे धुक्याची भरती. सूर्य उगवला की धुकं हटत नाही, उलट घट्ट होऊन बसतं. रस्त्यात एक ट्रक बंद पडून उभा होता. तो विलासरावांच्या मित्राला दिसला तेव्हा बॉनेट त्याच्याखाली गेलेलं होतं. सगळे वाचले, विलासरावांच्या पायात मात्र सळई बसली. आता दिल्लीत थंडी येणार हे हवामान खात्याआधी त्यांचा पाय सांगतो. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून काकूंनी जे ठरवलं ते ठरवलं; नोएडाला आल्यावर त्याला फक्त टाकीची खूण मिळाली.

कृष्णात गुरुजींचा पहिला फोन आला तो असाच एका डिसेंबरात. कराडजवळच्या गावातले निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"बाई, संक्रांतीला पानिपतला जायचंय."

"फेब्रुवारीत या, गुरुजी. हवा चांगली असते."

"लढाई काय फेब्रुवारीत झाली?"

काकूंच्या तोंडाला तोंड देणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला होता. त्यांना हसू आलं, पण त्यांनी नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन, पुन्हा नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. या वर्षी मात्र गुरुजी भांडले नाहीत. ते हळू आवाजात बोलले.

"आमच्या घरातला एक माणूस पानिपतावर गेला तो आलाच नाही. नावसुद्धा नीट ठाऊक नाही कुणाला. संक्रांतीला आमच्याकडे आधी त्याचं ताट वाढतात, उंबऱ्यात, उत्तरेकडे तोंड करून. ते ठेवल्याशिवाय घरात कुणी तिळगूळ तोंडात घालत नाही. पोरांना आता हसू येतं त्याचं. माझ्यामागे कुणी ठेवायचं नाही ते ताट. म्हणून म्हटलं, एकदा त्याला जागेवर जाऊन देऊन यावं. पुढच्या वर्षीचं मी तुम्हाला सांगू शकत नाही, बाई."

काकूंनी फोन ठेवला. मग विलासरावांना म्हणाल्या, "अहो, मी यांना नेणार. त्याच दिवशी नेणार. पण माझ्या पद्धतीने."

पद्धत सरळ होती. दोन दिवस आधी दिल्लीत यायचं. आदल्या दिवशी दुपारी, धुकं सरलेलं असताना पानिपतला जायचं आणि मुक्काम तिथेच करायचा. संक्रांतीच्या सकाळी स्मारक हाकेच्या अंतरावर, मग धुकं पडो नाहीतर बर्फ पडो.

योजना चांगली होती, पण गुरुजींची नात प्रज्ञा बँकेत नोकरीला होती आणि तिला दोन दिवस आधीची रजा मिळाली नाही. काकूंना न सांगताच तिने आजोबांबरोबर येणाऱ्या सगळ्या गावकऱ्यांचं एक दिवस नंतरचं रिझर्व्हेशन केलं. गाडी सकाळी निजामुद्दीनला पोचते, दुपारी पानिपतला निघायला हरकत काय, असा तिचा विचार. पण जानेवारीत मथुरेच्या पुढे गाड्यांचं काही खरं नसतं. सकाळची गाडी संध्याकाळी पोचली. मंडळी फलाटावर उतरली तेव्हा दिव्यांभोवती पांढरं वलय धरलं होतं. पातळ स्वेटर घातलेली ती गावाकडची माणसं मोबाइल वर धरून धुक्याचे फोटो काढत होती. प्रज्ञा म्हणाली, "काकू, काय मस्त वातावरण आहे! अगदी महाबळेश्वर."

काकूंनी आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

पहाडगंजच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढली. परमुलखात भोगीचं जेवण पुढ्यात आलं म्हणून मंडळी खूश झाली. गुरुजींनी भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चला, आता लवकर झोपा सगळे. पहाटे निघू."

"पहाटे गाडी निघणार नाही, गुरुजी."

"सकाळी कार्यक्रम असतो तिथे. मानवंदना असते."

"असू दे. धुकं सरलं की निघायचं. मी फोनवर सांगितलं होतं, दोन दिवस आधी या."

प्रज्ञाचा चेहरा पडला, पण ती आजोबांच्याच बाजूने बोलली. "काकू, धुकं आमच्याकडेपण पडतं. आंबोलीत तर दहा फुटांवरचं दिसत नाही. हळू चालवायची गाडी."

"बेटा, आपण हळू चालवू. मागून येणाऱ्या ट्रकला कोण सांगणार?"

गुरुजी उठले. त्यांनी हात धुतले. "तीन वर्षं तुम्ही मला थांबवलंत, बाई. आता दाराशी आणून थांबवताय. तुमची गाडी तुम्ही ठेवा. आम्ही टॅक्सी करू."

त्यांनी केलीही. हॉटेलच्या मॅनेजरने पहाटेसाठी एक टॅक्सी ठरवून दिली, गुरुजींपुरती आणि प्रज्ञापुरती. काकूंनी विलासरावांना कळवलं की आज घरी येत नाही आणि हॉटेलातच खोली घेतली.

पहाटे काकू खाली आल्या तेव्हा गुरुजी तयार होऊन बसले होते. अंघोळ झालेली, कपाळावर गंध, डोक्याला गुलाबी फेटा, मांडीवर पितळेचा डबा. त्यात घरच्या तिळाचे लाडू. बाहेर टॅक्सी घुरघुरत होती. गुरुजींनी काकूंकडे पाहिलं नाही.

भांडून उपयोग नाही हे काकूंना कळत होतं. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते रात्रीच सांगून झालं होतं. आपला हट्ट मोठा की या म्हाताऱ्याची इच्छा, हा प्रश्न त्यांनाही टोचत होता. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "जा तुम्ही, मी अडवत नाही. फक्त एक करा. समोर रस्त्यापलीकडे चहाची गाडी आहे. तिथवर माझ्याबरोबर चला, चहा घेऊ आणि मग बसा टॅक्सीत."

चहाला नाही म्हणणं गुरुजींना जमलं नाही. डबा प्रज्ञाजवळ देऊन ते निघाले, प्रज्ञाही मागोमाग आली. पायऱ्या उतरून चार पावलं टाकली आणि गुरुजी थांबले. समोर रस्ता नव्हता. नुसतं पांढरं होतं. चहाची गाडी नव्हती, पलीकडची दुकानं नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिलं तर हॉटेलही नव्हतं. तेवढ्यात त्या पांढऱ्यातून एक ई-रिक्षा अचानक बाहेर आली, "बाबूजी, साइड!" असं ओरडत त्यांच्या धोतराला चाटून गेली आणि परत नाहीशी झाली. काकूंनी गुरुजींचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"ही चालत्या माणसाच्या वेगाने जात होती," काकू म्हणाल्या. "दिवा लावलेला होता तिचा."

गुरुजींनी धोतर झाडलं. त्यांचा श्वास तोंडासमोर दिसत होता. मग ते म्हणाले, "प्रज्ञा, त्या टॅक्सीवाल्याला जायला सांग."

इथे काकू जिंकल्या असं कुणाला वाटेल. खरी कसोटी यानंतर होती. धुकं सरेलच असं काही लिहून दिलेलं नसतं. जानेवारीत असेही दिवस येतात की सूर्य दिवसभर तोंड दाखवत नाही आणि संध्याकाळी धुक्यावर धुकं चढतं. तसा दिवस आज निघाला तर एका म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा आपल्या हाताने मोडली, हे काकूंना जन्मभर वागवावं लागलं असतं. त्यांना भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणून नियम मोडायचा, हेही त्यांना पटत नव्हतं. त्यांनी मंडळींना पोहे करून घातले आणि नोएडाला फोन लावला.

"अहो, टाकी दिसते का?"

"टाकी? मला बाल्कनीचा कठडा दिसत नाहीये."

थोड्या वेळाने परत फोन. "आता?"

"कठडा दिसला. अभिनंदन."

राजवीरने पानिपतच्या वाटेवर, मुरथलच्या ढाब्यावरच्या आपल्या मामेभावाला फोन लावून ठेवला होता, कारण नोएडातली टाकी दिसली म्हणजे हायवे दिसला असं होत नाही. मामेभाऊ म्हणत होता, "अभी तो सामने का बोर्ड भी नहीं दिख रहा." सकाळ सरत चालली. पानिपतला कार्यक्रम सुरू झाला असेल. गुरुजी डबा मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होते, आणि त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पोह्यांची बशी तशीच बाजूला पडून होती.

प्रज्ञा काकूंजवळ येऊन बसली. "माझंच चुकलं, काकू. रजा मिळाली नाही तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं."

"चुकलं खरं," काकू म्हणाल्या. खोटं सांत्वन त्यांच्या स्वभावात नाही. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता मुकाट्याने सूर्याची वाट बघायची, दुसरं काय."

दुपार जवळ आली तेव्हा आधी राजवीर आत आला. "आंटी जी, मुरथल साफ है." आणि पाठोपाठ काकूंचा फोन वाजला. विलासराव पलीकडून ओरडतच होते, "दिसली! टाकी दिसली! तिच्यावर बसलेलं कबूतरसुद्धा दिसतंय!"

"बसा गाडीत," काकू म्हणाल्या.

हायवेवर ऊन पडलं होतं, मोहरीची पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी उघडी झाली होती. सोनीपतच्या पुढे राजवीरने गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला क्रेन उभी होती आणि एकमेकांत घुसलेल्या दोन गाड्या ती सोडवत होती. काचांचा चुरा उन्हात चमकत होता. गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले आणि प्रज्ञाने काकूंचा हात हातात घेतला, तो पानिपत येईपर्यंत सोडला नाही.

काला अंबला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते, खुर्च्या एकावर एक रचून टेम्पोत चढवत होते. स्मारकाच्या खांबापाशी सकाळचे हार पडलेले होते. लोक गेले होते, भाषणं झाली होती. काकूंनी ते रिकामं मैदान पाहिलं. सारा रस्ता आपण बरोबर केलं असं त्या मनाला सांगत आल्या होत्या, पण आता त्यांना गुरुजींकडे बघवेना.

"उशीर झाला, गुरुजी," त्या म्हणाल्या. "माफ करा मला."

गुरुजी खांबाकडे बघत होते. कलत्या उन्हात त्यांचा गुलाबी फेटा उजळला होता. ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज स्थिर होता. वर्गात धडा सांगावा तसा.

"उशीर नाही झाला, बाई. मी आयुष्यभर पोरांना ही लढाई शिकवली आणि मलाच आज कळलं. सकाळी आपली माणसं जिंकत होती. सकाळी त्यांना कुणाची गरज नव्हती. ती पडली दुपारनंतर, याच वेळेला. सकाळी मानवंदना देऊन सगळे निघून गेले, आणि आता बघा, इथे कुणी नाही. ह्या वेळेला त्यांच्यापाशी कुणीतरी असायला हवं."

ते चौथऱ्यापाशी खाली बसले. प्रज्ञाने ताटली काढून दिली, त्यांनी तीत लाडू मांडले. ताट ठेवताना सवयीने त्यांचे हात उत्तरेकडे वळले आणि थबकले. घरी ते ताट उत्तरेला तोंड करून ठेवायचे, कारण माणूस उत्तरेला होता. आता ते स्वतःच त्याच्याजवळ येऊन पोचले होते. गुरुजींनी ताट हळूच फिरवलं आणि दक्षिणेकडे, घराकडे तोंड करून ठेवलं. "चल बाबा," ते पुटपुटले, "लई दिवस झाले."

प्रज्ञा रडत होती. राजवीरला मराठी येत नव्हतं, पण तोही गाडीपासून चालत येऊन हात जोडून उभा राहिला. भानुमतीकाकूंनी चाळीस वर्षांत दिल्लीच्या लूला, धुराला आणि थंडीला कधी डोळ्यांतून पाणी दिलं नव्हतं. ते आज वाहिलं आणि त्यांनी पुसलंही नाही.

मग गुरुजींनी डब्यातला एक लाडू उचलला. सकाळपासून त्या घरच्या रिवाजाप्रमाणे कुणी तिळगूळ तोंडात घातलेला नव्हता. पहिला लाडू त्यांनी नातीला दिला नाही, काकूंच्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घ्या, बाई," ते म्हणाले, "आणि असंच कडू बोलत राहा."

काकूंनी लाडू तोंडात टाकला. सूर्य मोहरीच्या शेताकडे उतरायला लागला होता आणि लांब बांधावर पांढरी रेघ धरायला लागली होती. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि मंडळींकडे वळून सांगितलं की आजचा मुक्काम पानिपतातच आहे, आणि उद्याही धुकं सरल्याशिवाय गाडी हलणार नाही. या वेळी कुणी टॅक्सीचं नाव काढलं नाही. गुरुजींनी फक्त मान डोलावली आणि दुसरा लाडू नातीच्या हातावर ठेवला.